विजूदादाच्या गाडीचं इंजिन

आमच्या घरात जेवणाच्या ताटात लाकडाचा भुसा असायचाच. आई ताट दोनदा पुसून वाढायची, आमटीवर झाकण ठेवायची, तरी भाकरी मोडेपर्यंत कुठून तरी एखादी कुरळी ढलपी येऊन आमटीवर तरंगायची. आबा ती बोटानं काढून उजेडात धरायचे, 'शिवण हाय' किंवा 'सागवान हाय' असा निकाल द्यायचे आणि पुढचा घास घ्यायचे. घर पुढं, शेड मागं, मध्ये एक दार, आणि त्या दाराला कधी कडी लागलेली मला आठवत नाही. उद्यमनगरच्या आमच्या बोळात सगळ्यांची घरं अशीच होती. एका बाजूला फाउंड्रीचा ब्लोअर घोंघावायचा, दुसऱ्या बाजूला कुणीतरी सतत पत्रा ठोकत असायचं, आणि या सगळ्यात आई स्टोव्हपुढं बसून मोठ्यांदा बोलायची. कोल्हापूरची माणसं भांडल्यासारखी बोलतात असं बाहेरचे म्हणतात. आमच्या बोळातल्या माणसांना दुसरा इलाजच नव्हता. सोमवारी वीज बंद असायची, सगळे कारखाने थांबायचे, तेव्हा आम्हाला कानात दडे बसल्यासारखं व्हायचं आणि आई दिवसभर उगीचच चिडलेली असायची.

आबा पॅटर्नमेकर होते. हे काम हल्ली समजावून सांगावं लागतं, कारण आता ते संगणकावर होतं आणि मशीन आपलं आपण लाकूड कोरतं. परवा आमच्या जुन्या बोळात गेले होते तेव्हा तसलं एक मशीन बघून आले. काचेच्या पेटीत एकटंच काम करत होतं, भांडायलासुद्धा कुणी नाही बिचाऱ्याला. पंपाची बॉडी असो की ऑइल इंजिनचं हेड, लोखंडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा हुबेहूब लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, लागतो. तो वाळूत दाबून काढला की त्याचा साचा उरतो, त्यात लोखंडाचा रस ओतायचा. निघालेली वस्तू खरबरीत असते, ती लेथवर चढवून, छिलून बरोबर मापात आणायची. आता छिलायचं तर छिलायला काहीतरी हवं, म्हणून नमुनाच मुळात जरासा मोठा करतात. याला आमच्याकडे 'माल ठेवणं' म्हणायचे. आबा माल ठेवायचे आणि माझा भाऊ विजूदादा माल काढायचा. शेडच्या एका टोकाला आबांचं टेबल, दुसऱ्या टोकाला दादाचा लेथ, आणि मधल्या जागेत दोघांचं रोजचं भांडण. "आबा, निम्मं लोखंड माझ्या पायात पडतंय, किती माल ठेवताय," असं दादा ओरडायचा. आबा मान वर न करता म्हणायचे, "जास्ती असलं तर काढता येतंय. कमी पडलं तर काय थुंकी लावून चिकटवणार हायस?" मग दोघंही आपापल्या कामाला लागायचे. एकही दिवस हे चुकलं नाही, आणि एकही दिवस दोघांपैकी कुणी आपलं म्हणणं बदललं नाही.

विजूदादा माझ्यापेक्षा बराच मोठा. मी तेव्हा अकरावीला होते आणि तो आयटीआय करून टर्नर म्हणून चांगला मुरला होता. उंच, कुरळ्या केसांचा, आणि आपण देखणे आहोत हे स्वतःच सगळ्यात आधी ओळखलेला. रस्त्यानं एखादी अनोळखी गाडी गेली की लेथ तसाच फिरता ठेवून तो बाहेर पळायचा आणि आबांच्या शिव्या खायचा. गाडीच्या आवाजावरून तिच्या इंजिनात काय दुखतंय हे तो सांगायचा, निम्म्या वेळा चुकायचा, पण सांगायचा असं की गाडीवाल्याला आपलंच चुकलं असं वाटावं. मला तो 'शैले' म्हणायचा आणि कामाला लावायचा. त्याचं प्रेम म्हणजे काम सांगणं. अजूनही कुणी मला नुसतं गोड बोलायला लागलं की मला ते खरं वाटत नाही.

गाडी आमच्या घरात आली ती अजितमुळं. अजित हा दादाचा शाळेपासूनचा मित्र, शाहूपुरीतल्या जैन गूळ व्यापाऱ्याचा मुलगा. आमच्याकडे मटणाचा दिवस असला की तो उंबऱ्याबाहेर बसून चहा प्यायचा, पण घरी जायचा नाही. त्याच्या काकांनी परदेशातून त्याला एक खोका आणून दिला होता. खोक्यावर लांब नाकाच्या लाल स्पोर्ट्‌स कारचं चित्र, आणि आत तिचे सुटे भाग. दरवाजे, चाकं, आसनं, अगदी नखाएवढं स्टीअरिंगसुद्धा, सगळे प्लॅस्टिकच्या चौकटींना देठांनी चिकटलेले. एकेक भाग कापून काढायचा, घासायचा, गोंदानं जोडायचा, रंगवायचा, आणि सगळं जमलं तर खऱ्या गाडीची वीतभर लांबीची प्रतिकृती तयार. अजितनं दोन भाग जोडले, दोन बोटं एकमेकांना चिकटवून घेतली आणि खोका दादाला देऊन टाकला. दादानं तो कपाटावर ठेवला. सवड मिळाली की बघू म्हणाला, आणि सवड मिळायची काही चिन्हं नव्हती.

मग दादाला कावीळ झाली. त्या पावसाळ्यानंतर गावात बऱ्याच जणांना झाली होती. नळाला गढूळ पाणी यायचं. आई तुरटी फिरवायची, फडक्यानं गाळायची, उकळायची, तरी झाली. एका सकाळी दादा लेथपाशी उभा असताना आबांनी त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि मशीनचं बटण बंद केलं. डॉक्टरांनी गोळ्या थोड्या दिल्या, विश्रांती जास्त सांगितली. तेल नाही, तिखट नाही, अंथरुणातून उठणं नाही. आता कोल्हापूरच्या घरात तेल-तिखट बंद म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. पोराला आळणी वाढायचं आणि आपण रस्सा ओरपायचा हे आईला जमेना, म्हणून तिनं सगळ्यांचीच फोडणी बंद केली. मऊ भात, ताक, मुगाचं पाणी, उकडलेला दोडका. आबा सकाळी उसाचा रस घेऊन यायचे, दुपारी फुटाणे. फोडणीचा चर्र आवाज नसलेलं घर किती गप्प असतं ते मला तेव्हा कळलं. दादा पडल्या पडल्या विचारायचा, आई, मसाला वाटलायस काय गं, वास येतोय. वास शेजारच्यांकडचा असायचा. आई उठून खिडकी लावून घ्यायची.

अजित रोज यायचा. त्यानंच एक दिवस कपाटावरचा खोका काढून दादाच्या उशाशी ठेवला. त्यानंतर दादा भिंतीला टेकून बसायचा, मांडीवर आईचं पोळपाट आणि पोळपाटावर गाडी. दाढीच्या पात्याचा अर्धा तुकडा ही त्याची करवत, माझी केसांची पिन हा त्याचा चिमटा. देठ घासून गुळगुळीत करायचं काम माझ्याकडं. गोंदाला असा उग्र वास होता की आई म्हणायची, उसाच्या रसानं न्हाय, ह्या वासानंच पोराची कावीळ पळून जाईल. पोळपाट मात्र ती रोज दोनदा मागून न्यायची आणि घासून परत आणून द्यायची. 'मी दुसरं आणतो बाजारातनं,' म्हणायची. आमच्याकडे बायकाही 'आणतो, करतो'च म्हणतात. दुसरं तिनं कधी आणलं नाही. मला वाटतं, त्या निमित्तानं दिवसातून चार वेळा त्याच्यापाशी जाता यायचं.

बघता बघता गाडीचा सांगाडा उभा राहिला. मग दादानं खोक्यातलं इंजिन जोडलं, तळहातावर घेतलं आणि त्याचं तोंड वाकडं झालं. चार सिलिंडरचं, बोटाच्या पेराएवढं होतं ते. एवढं लांब नाक आणि आत हे एवढुसं? "तोंड वाघाचं आन काळीज उंदराचं," म्हणाला आणि ते बाजूला टाकलं. अजितकडं एक परदेशी मासिक होतं, त्यात लोक अशाच छोट्या गाड्यांचं इंजिन काढून दुसऱ्या खोक्यातलं मोठं इंजिन बसवतात त्याचे फोटो होते. आमच्याकडं दुसरा खोका कुठला? दादानं आईकडून कपडे धुवायच्या साबणाची वडी मागून घेतली आणि पात्यानं तिचा एक ठोकळा कापला, आठ सिलिंडरच्या इंजिनाच्या मापाचा, वर दोन रांगा एकमेकींपासून कललेल्या. मग त्या ठोकळ्याला जागा करायला लागला. इंजिन आणि आसनं यांच्यामधली प्लॅस्टिकची भिंत त्यानं तापल्या पात्यानं कापून मागं सरकवली. रेडिएटर पुढं ढकलला. इंजिन टेकायला पत्र्याच्या दोन पट्ट्या वाकवल्या, धुराचे पाइप तांब्याच्या तारेचे केले. शेवटी साबण आत बसला आणि वरून बॉनेट अलगद, कुठं न अडकता बसलं. तीनदा काढून तीनदा बसवून त्यानं आम्हाला दाखवलं. त्या महिन्यात आमच्या घरात एवढं मोठं यश दुसरं नव्हतं. आई म्हणाली, पळवा आता माझ्या साबणावर गाडी.

पण साबण तो साबण. खरं इंजिन लाकडातच कोरायला हवं होतं आणि ते आबांशिवाय कुणाला येणार? दादानं त्यांना शेडमधनं बोलावून घेतलं आणि ह्याचा पॅटर्न करून द्या म्हणाला, सगळं बारीकसारीक पायजे, बोल्टसुद्धा. आबांनी साबण हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला, डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ बघितला. आजवर लोकांच्या विहिरीवरची इंजिनं केली, आता पोरगं विलायती करायला लावतंय, असं काहीतरी म्हणाले. खूश झाले होते. दादानं त्यांच्याकडं स्वतःहून काही मागितलं अशी वेळ फार दिवसांनी आली होती. करतो म्हणाले. आबा सहसा कुणाला करतो म्हणायचे नाहीत, बघतो म्हणायचे, कारण करतो म्हटलं की केल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही.

नेमकी तेव्हा पंपांची मोठी ऑर्डर होती. दादाचा लेथ बंद, म्हणून छिलाई बाहेरच्या शेडमध्ये द्यायची, तिथं सायकलवरून ओतीव वस्तू पोचवायच्या, तिथल्या माणसांच्या मागं लागून परत आणायच्या, हे सगळं आबा एकट्यानं करत होते. दादा त्यांना इंजिनाचं विचारायचा नाही. ते जेवायला आत आले की फक्त त्यांच्या हाताकडं बघायचा. आबांना ते कळायचं. एवढं हातावेगळं झालं की बसतो, असं ते आपणहूनच म्हणायचे. आणि घाई तरी काय होती? दादाचे डोळे निवळायला लागले होते. अंगणात चार पावलं चालायचा, एकदा तर लेथवरचं गोणपाट उचलून मशीनला तेलही देऊन आला. आईनं आमटीला थेंबभर तेलाची फोडणी दिली आणि आम्ही सगळे सणाला बसल्यासारखे जेवलो.

मग कावीळ उलटली. कशी, का, ते डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं आणि नंतरच्या आयुष्यात मी वाचूनही समजून घेतलं, पण समजून काही उपयोग झाला नाही. दोन दिवस त्याला नुसती झोप येत होती. तिसऱ्या दिवशी तो आईला ओळखेना, तेव्हा अजितच्या घरची गाडी आणून त्याला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं तो मधून मधून शुद्धीवर यायचा. एका संध्याकाळी मी डबा घेऊन गेले होते. आबा पायाशी बसले होते, आई उशाशी. दादानं डोळे उघडले, आम्हा सगळ्यांना नीट ओळखलं, आणि आबांना म्हणाला, "इंजिन झालं?"

"झालंय की," आबा म्हणाले. "रंग तेवढा ऱ्हायलाय."

"मग आणा की उद्या. बसवून बघू."

आबा आणतो म्हणाले. त्यांनी अजून लाकूडसुद्धा कापलेलं नव्हतं. आईनं त्यांच्याकडं बघितलं, मी बघितलं, ते मात्र दादाकडंच बघत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी विजूदादा गेला.

नंतर माणसं आली आणि कारणं घेऊन आली. लोकांना कारण लागतं, त्याशिवाय त्यांना चहा जात नाही. कुणी म्हणालं, नेसरीकडच्या वैद्याचं झाडपाल्याचं औषध आणायला पाहिजे होतं. कुणी म्हणालं, ते आणलं म्हणूनच झालं असेल. आणलेलंच नव्हतं. कुणी वाडीला दत्ताला जाऊन यायला सांगितलं. आई सगळ्यांना पाणी द्यायची आणि 'व्हय, व्हय' म्हणायची. मला तेव्हा त्या सगळ्यांचा राग आला होता आणि इतकी वर्षं झाली तरी तो पुरता गेलेला नाही.

दहाव्याला पंचगंगेच्या घाटावर पिंड ठेवला तेव्हा मी तिथं नव्हते, आमच्यात बायका जात नसत. हे मला अजितनं सांगितलं. पिंडाला कावळा शिवला नाही की गेलेल्याची काही इच्छा राहिली असं मानतात, मग घरचे एकेक जण हात जोडून शब्द देतात. माझे काका म्हणाले, शैलाचं शिक्षण थांबू देणार नाही. कावळे भिंतीवर बसले होते, एकही खाली आला नाही. चुलतभाऊ म्हणाला, काकूला अंतर देणार नाही. तरी कावळा नाही. मग सगळ्यांनी आबांकडं बघितलं. आबा पुढं झाले, हात जोडले आणि एवढंच म्हणाले, इंजिन करतो. कुणाला काही कळलं नाही, एकट्या अजितला कळलं. सगळे थांबले, ऊन चढलं, तरी कावळा आला नाही. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी पुरा केला.

माझा कावळ्यांवर विश्वास नाही. त्या दिवशी घाटावर आणखी दोन घरचे दहावे होते, कावळ्यांची पोटं तुडुंब भरलेली असणार. पण हे आबांना कोण सांगणार? घरी आल्यावर ते पाय धुऊन ओसरीवर बसले आणि आईला म्हणाले, "त्याला पटलं न्हाय. एकदा खोटं बोललोय न्हवं त्याच्याशी." आई दादाच्या खोलीत गेली, गाडी, सुटे भाग, तारा, सगळं त्या खोक्यात भरलं, वरून जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पुन्हा कपाटावर ठेवलं.

त्यानंतर आबा शेडमध्ये जायचे आणि नुसते बसायचे. हत्यारं भिंतीला जशी लावलेली तशीच. फाउंड्रीतली माणसं यायची, पंपाचे नमुने कधी देताय विचारायची. आबा त्यांना बसा म्हणायचे, चहा सांगायचे, आणि चहा पिऊन ती माणसं निघून जायची. पुढं पुढं यायचीही थांबली. माणूस रडला, ओरडला, कुणाला दोष दिला तर घरच्यांना काहीतरी करता येतं. आबा यातलं काहीच करत नव्हते. मांडीवर दोन हात ठेवायचे आणि त्या हातांकडं बघत बसायचे. आईला भीती वाटत होती की पोरापाठोपाठ हाही माणूस चालला. तिनं ते मला बोलून दाखवलं नाही, पण दिवसातून दहा वेळा ती काही ना काही काढून शेडच्या दारात जाऊन उभी राहायची.

एका दुपारी आबा जेवायला आले आणि ताटावर बसण्याआधी म्हणाले, गाडी कुटं ठिवलीस? आई वाढता वाढता थांबली. ती काढून देईल असं मला वाटलं नव्हतं, कारण त्या कपाटाकडं ती मान वर करूनसुद्धा बघत नसे. पण तिनं स्टूल ओढलं, चढली, गाठोडं काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. साबण अजून गाडीत तसाच होता, वाळून भेगाळलेला. आबांनी जेवण तसंच ठेवलं आणि शेडमध्ये गेले. थोड्या वेळानं करवतीचा आवाज आला. आई ताटाशेजारीच बसून राहिली आणि तो आवाज ऐकत राहिली.

त्या दिवसांतले आबा मला पुरे आठवतात. शिवणीचा एक जुना, वर्षानुवर्षं वाळलेला तुकडा त्यांनी निवडला. रोज जेवण झालं की दुपारच्या उजेडात बसायचे. नेहमीची हत्यारं एवढ्याशा कामाला मोठी पडत होती, म्हणून त्यांनी छत्रीच्या काड्या घासून त्यांच्या छिन्न्या केल्या. आठ सिलिंडर, दोन्ही बाजूंची झाकणं, पुढं पंखा, पट्ट्याची चाकं. बोल्ट म्हणून टाचण्यांची डोकी कापून ठोकली. प्लगच्या वायरींसाठी आठ काळे दोरे मेण लावून ओवायचं काम त्यांनी मला दिलं. एक दोरा वाकडा गेला तर चक्क ओरडले. मला इतकं बरं वाटलं की मी आत जाऊन आईला सांगितलं, आबा ओरडले म्हणून. अजितनं चंदेरी आणि काळा रंग आणून दिला. इंजिन पुरं झालं तेव्हा ते हातात घेतलं की आता घरघरेल असं वाटायचं. आजही मी छातीठोक सांगते, त्या मासिकातल्या फोटोत एवढं देखणं इंजिन एकही नव्हतं.

बसवायच्या दिवशी आबांनी अजितला मुद्दाम बोलावून घेतलं. सकाळीच अंघोळ केली, टेबल झाडून त्यावर स्वच्छ कापड अंथरलं. साबण काढून बाजूला ठेवला. दादानं केलेल्या पट्ट्यांवर इंजिन टेकवलं. जरा दाबावं लागलं, पण दादानं जागा ऐसपैस कापली होती, त्यामुळं बाजूंनी बसलं. तांब्याचे पाइप जागेवर आले. मग त्यांनी बॉनेट उचललं आणि वरून ठेवलं.

बॉनेट लागलं नाही. पुढून टेकलं तर मागं उघडं राहिलं, मागून टेकलं तर पुढं. अजित म्हणाला, एखादा दोरा अडकला असेल. दोरा नव्हता. आबांनी इंजिन बाहेर काढलं, साबणाच्या ठोकळ्याशेजारी ठेवलं आणि मापाचा कॅलिपर आधी एकाला, मग दुसऱ्याला लावला. वरून लावला, तळातून लावला, दोन्ही टोकांना लावला. सगळीकडं अर्धा सूत जास्त. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पंपाच्या बॉडीवर अर्धा सूत डोळ्यालाही दिसत नाही, अंगठ्याएवढ्या इंजिनाला तो फार झाला. खऱ्या इंजिनात जिथं जिथं छिलाई असते, बरोबर तिथं तिथं आबांनी माल ठेवला होता. लेथवर काढायला.

आबा दोन्ही ठोकळ्यांकडं बघत राहिले. मग हळू म्हणाले, "ठेवायचा नव्हता, म्हाईत हुतं मला. हातानं ठेवला." आणि जरा वेळानं, "विजू न्हाय म्हणून हाताला अजून कुणी सांगितलं न्हाय."

त्यांनी फळीवरचा पॉलिश पेपर घेतला. घासतो, किती वेळ लागतोय, असं काहीसं पुटपुटले. आई दारात होती. भाकरी थापता थापता उठून आली होती, हाताला पीठ होतं. ती आत आली आणि तिनं त्यांच्या हातातला पेपर काढून घेतला.

"नका घासू," ती म्हणाली. "त्याच्या वाटचं काम हाय ते, त्याच्यापशी ऱ्हाऊ दे. बॉनेट न लागंना. कुटं पळवायची हाय आता ती."

आबांनी टेबलावर डोकं टेकलं आणि ते रडले. दवाखान्यात नाही, घाटावर नाही, त्या दिवसापर्यंत ते रडलेच नव्हते, आणि आता त्यांना थांबता येत नव्हतं. आई त्यांच्या पाठीवर पिठाचा हात ठेवून उभी राहिली. मला आणि अजितला तिथं थांबवेना, आम्ही पुढच्या दारानं बोळात येऊन उभे राहिलो. ब्लोअर चालू होता, समोर पत्रा ठोकत होते, पलीकडे कुणीतरी कुणाला हाका मारत होतं. एवढ्या आवाजात आमच्या शेडमध्ये कुणी रडतंय हे कुणालाच ऐकू गेलं नाही.